रत्नागिरी दूर कोणी नेली?

गैरसोयीची माणसे कोठे नेऊन ठेवावीत, हा प्रश्न प्रत्येक राजसत्तेपुढे कधी ना कधी उभा राहतो. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर पेशवेपदाची आशा सोडावी लागलेले रघुनाथराव तनखा घेऊन गोदावरीच्या काठी कोपरगावी येऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये तेथेच वारले. पुण्याच्या दरबारापासून पुरेसे दूर, तरीही नजरेच्या टप्प्यात असे ते ठिकाण होते. पुढे शंभर वर्षांनी इंग्रज सरकारपुढे तोच प्रश्न निराळ्या रूपात आला. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडले, ब्रह्मदेशाचा राजा थिबा पदच्युत झाला आणि त्याला राणी व मुलींसह प्रथम मद्रासला हलविण्यात आले. एवढ्या मोठ्या साम्राज्यात त्याला कायमचे ठेवायला जागा निवडली गेली ती रत्नागिरी. एप्रिल १८८६ मध्ये तो तेथे आला तो जहाजाने, आणि डिसेंबर १९१६ मध्ये त्याच गावी त्याचा अंत झाला.

ही निवड कशामुळे झाली असावी, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पुढे अथांग समुद्र, पाठीशी सह्याद्रीचा कडा, उत्तरेला आणि दक्षिणेला एकामागून एक खाड्या. रेल्वे नाही, पावसाळ्याचे चार महिने जहाज नाही. असा बंदिवास बांधायला सरकारला एक वीटही लागली नाही. ही निवड एकदाच झाली असेही नव्हे. अंदमानातून परत आणलेल्या विनायक दामोदर सावरकरांना १९२१ साली रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवण्यात आले आणि १९२४ साली येरवड्याहून सशर्त सुटका झाल्यावर १९३७ पर्यंत त्यांना याच जिल्ह्याच्या हद्दीत राहणे भाग पडले. राजा असो वा क्रांतिकारक, त्याला जगापासून तोडायचे तर रत्नागिरीला पाठवावे, अशी जणू शासनाची वहिवाट पडली होती.

तेव्हापासून आजतागायत रत्नागिरीविषयी बोलताना ‘दुर्गम’ हे विशेषण सहज वापरले जाते. शाळेच्या भूगोलातही कारण दिलेले असते : मध्ये सह्याद्री आहे. कारण इतके डोळ्यांसमोर आणि इतके उंच आहे की त्यापलीकडे पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. परंतु सह्याद्री काही १८८६ साली उभा राहिला नाही. तो लक्षावधी वर्षे तेथेच आहे, आणि त्याच्या पायथ्याची ही किनारपट्टी त्या काळातला बराच मोठा भाग जगाच्या अगदी जवळ होती. मग ती दूर केव्हा गेली? आणि कोणी नेली?

रेल्वेपूर्व काळाचा विचार केला तर उत्तर शोधणे सोपे जाते. त्या काळी जमिनीवरून माल नेणे म्हणजे बैलाच्या पाठीवरून नेणे. वंजाऱ्यांचे तांडे दिवसाला काही कोस चालत, बैल आणि माणूस दोघांनाही वाटेत पोसावे लागे, आणि जड व स्वस्त मालाची किंमत वाटखर्चातच विरून जाई. याउलट गलबताला वारा फुकट मिळे. त्यामुळे जे गाव समुद्राकाठी ते जगाच्या जवळ आणि जे पठाराच्या मध्यभागी ते दूर, असा साधा हिशेब होता. घाटवाटा होत्या, पण त्या भिंतीतल्या दारांसारख्या होत्या. वाशिष्ठीच्या खाडीतून चिपळुणापर्यंत गलबते येत आणि तेथून कुंभार्ली घाटाने माल कराडकडे चढे. राजापूरच्या खाडीतून आलेला माल अणस्कुरा घाटाने कोल्हापूरच्या मुलखात जाई. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जात असे. वरून गूळ, तंबाखू, कापूस, हळद आणि धान्य खाली येई. सतराव्या शतकात इंग्रजांनी राजापुरास वखार घातली आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती ताब्यात घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातला अर्थशास्त्राचा भाग मात्र सहसा कोणी पाहत नाही. परदेशी व्यापारी वखार घालतो ती जेथे मुलूखभराचा माल उतरतो तेथे. निर्जन कोपऱ्यात कोणी वखार घालीत नाही.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने दक्षिण कोकणाचे ठाणे प्रथम बाणकोटास ठेवले आणि १८२२ साली ते रत्नागिरीस हलविले, तेही रत्नागिरी अधिक मध्यवर्ती म्हणूनच. म्हणजे चौसष्ट वर्षांच्या अंतराने एकाच सरकारी परंपरेने त्याच गावाची दोनदा निवड केली : एकदा मध्यवर्ती म्हणून आणि एकदा एकाकी म्हणून. डोंगर तोच, समुद्रही तोच. मधल्या काळात जे घडले, त्यात या गावाची खरी कहाणी आहे.

घडले ते असे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे चढली. १८६५ साली थळघाटातून दुसरा मार्ग खुला झाला. दोन्ही मार्गांचे खालचे टोक एकच होते, मुंबई. पठारावरचा माल आता जवळच्या घाटाने जवळच्या बंदरात उतरण्याऐवजी रेल्वेच्या डब्यात बसून थेट मुंबईच्या गोदीत जाऊ लागला. तरीही दक्षिणेकडचा सातारा, कोल्हापूर, बेळगावचा मुलूख काही काळ जुन्या घाटवाटांना धरून राहिला. १८९१ च्या सुमारास पुणे-मिरज मार्ग पूर्ण होऊन कोल्हापूरलाही रेल्वे पोहोचली, तेव्हा तोही आधार सुटला. सह्याद्रीच्या कड्यावरची दारे कोणी बंद केली नाहीत; त्यांतून जाण्याचे कारण मात्र उरले नाही. चिपळूण, राजापूर, रत्नागिरी या गावांच्या पाठीशी जो मुलूख उभा होता, तो रुळांनी उचलून मुंबईच्या पाठीशी नेऊन ठेवला. पाठचा मुलूख गमावलेले बंदर म्हणजे केवळ किनाऱ्यावरचे गाव.

थिबा रत्नागिरीला आला ते साल १८८६, म्हणजे नेमके या स्थित्यंतराच्या ऐन मध्यावरचे. सरकारला हवे असलेले दूरचे ठिकाण सरकारच्याच रेल्वेने वीस-पंचवीस वर्षांत तयार करून ठेवले होते.

या मुद्द्याची दुसरी बाजू पाहायची तर पुन्हा कोपरगावकडे यावे लागते. जेथे पेशवे घराण्यातील पुरुषाने राजकारणाच्या बाहेर आपले अखेरचे दिवस काढले, त्या गावावरून १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे कालवे निघाले. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, अवर्षणाने गांजलेल्या या मुलखात ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, सहकार आला. आज कोपरगावला कोणी एकांतवासाची जागा म्हणणार नाही. हे कष्ट येथील शेतकऱ्यांचे, यात शंका नाही. पण त्या कष्टांच्या तळाशी सार्वजनिक भांडवल होते, तेही विसरून चालणार नाही. दुष्काळ निवारणाच्या युक्तिवादावर पठारावर रेल्वे आणि कालवे झाले. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथे ‘दुष्काळ’ या शब्दावर सरकारच्या तिजोरीतून काही मागता येण्यासारखे नव्हते. जास्त पावसामुळे एखादा प्रदेश गरीब राहावा, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. परंतु ज्या काळात सरकारी खर्चाला दुष्काळाचे निमित्त लागत होते, त्या काळात हेच घडले.

ज्या दोन-तीन दशकांत कोपरगाव जगाच्या जवळ आले, त्याच दशकांत रत्नागिरी जगापासून दूर गेली. दोन्ही ठिकाणी निसर्ग होता तसाच होता.

तरीही रत्नागिरीचा समुद्र पूर्णपणे मुका झाला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या आगबोटी या किनाऱ्याने धावू लागल्या आणि पुढे जवळजवळ शतकभर कोकणच्या माणसाचे मुंबईशी नाते आगबोटीने जुळलेले राहिले. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट एकेक बंदर घेत दक्षिणेला जाई. अनेक बंदरांत धक्काच नसल्याने ती खोल पाण्यात उभी राही आणि ट्रंका, वळकट्या, म्हातारीकोतारी, तान्ही पोरे असा सगळा संसार हेलकावणाऱ्या पडावात उतरवावा लागे. या प्रवासाच्या गोड आठवणी आजवर पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. त्या खोट्या नाहीत, पण अपुऱ्या आहेत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. स्वातंत्र्याला अवघा महिना उरला होता. आषाढी अमावास्येच्या आसपासच्या त्या खवळलेल्या समुद्रात माणसे बोटीवर चढली, कारण सणाला घरी जायला दुसरी सोयीची वाट नव्हती. आगबोटीच्या वाहतुकीला स्वस्ताई होती. तिची उरलेली किंमत प्रवासी स्वतः भरत होते.

आणि ही वाट वर्षभर उघडी नसे. ज्येष्ठ लागला की बोटी बंद, त्या नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू. कोकणच्या घरोघरी वैशाखात ‘आगोट’ भरण्याची जी धांदल उडे, ती याच वेळापत्रकाची सावली होती. तांदूळ, कडधान्य, मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण, सारे चार महिन्यांचे भरून ठेवायचे. गृहिणीच्या दृष्टीने ही टापटीप खरी. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर वर्षातला एक तृतीयांश काळ बाजार बंद राहणाऱ्या प्रदेशातील प्रत्येक कुटुंबावर तो एक करच होता. ज्याच्याजवळ वैशाखात रोख पैसा असे तो स्वस्तात भरून घेई. ज्याच्याजवळ नसे तो श्रावणात उधारीवर आणि महाग घेई. कर्जाचा पहिला आकडा बहुधा याच दिवसांत वहीत पडत असे.

जमिनीवरची वाट किती खडतर होती, याचे एक उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे १८७५ साली दापोलीजवळच्या मुरुडहून सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला गेले ते पायी, डोंगर चढून, शंभर मैलांहून अधिक चालून. वय भरलेले असूनही ते दिसायला लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. या हकीकतीतून कर्व्यांची चिकाटी दाखविण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण तेवढी चिकाटी नसलेल्या आणि घरूनच न निघालेल्या मुलांची संख्या कोणत्याही चरित्रात सापडत नाही.

जे निघाले ते मात्र परतले नाहीत, किंवा परतले ते फक्त गणपतीला आणि शिमग्याला. रत्नागिरी जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचे सगळ्यांत मोठे उत्पादन कोणते, असे विचारले तर आंबा, काजू, मासळी ही उत्तरे येतील. गेल्या दीडशे वर्षांचे खरे उत्तर आहे ‘माणूस’. मुंबईच्या गिरण्यांना, गोदीला, घरगड्यांना, पोलिसांना, लष्कराला आणि जहाजावरच्या खलाश्यांना या जिल्ह्याने माणसे पुरविली. १९२१ च्या खानेसुमारीच्या सुमारास मुंबईतील दर पाच रहिवाशांपैकी जवळजवळ एक जण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. वरच्या थरातही हेच दिसते. लोकमान्य टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले आणि दहाव्या वर्षी पुण्याला गेले. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांच्या वडिलांचे आयुष्य लष्करी छावण्यांतून गेले. बुद्धी असो की बाहुबल, जिल्ह्याच्या सीमेबाहेर गेल्याशिवाय त्याला किंमत येत नसे.

बदल्यात येई ती मनीऑर्डर. चाकरमान्याने मुंबईच्या चाळीत एका खोलीत दहा-बारा जणांत झोपून, खानावळीत जेवून वाचविलेले पैसे पोस्टमनच्या हातून गावी पोहोचत. त्यातून घर शाकारले जाई, सारा भरला जाई, लग्ने होत. विहीर मात्र क्वचितच खोदली जाई, आणि कारखाना तर कधीच निघाला नाही. मनीऑर्डरीचा पैसा हा उपभोगाचा पैसा असतो. त्यातून भांडवल साठत नाही. शेती स्त्रिया आणि वृद्धांच्या अंगावर पडली. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. काही प्रशंसक या आकड्याकडे स्त्रीजन्माच्या सन्मानाचे प्रमाणपत्र म्हणून पाहतात. त्यात तथ्य असेलही. परंतु हा आकडा मुख्यतः गावी नसलेल्या पुरुषांचा आहे. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मोडला, तेव्हा त्याचे घाव केवळ लालबाग-परळला बसले नाहीत. ज्या घरी दर महिन्याला पोस्टमन येत असे, त्या घरी तो येईनासा झाला. डोंगराने तोडलेला हा प्रदेश मुंबईच्या एका संपाने हादरावा, इतका तो मुंबईशी जोडलेला होता. तोडलेपणा आणि परावलंबन या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रात मिळणे कठीण आहे.

येथे एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. कोकणी माणूस गाव सोडून गेला तो केवळ वाहतुकीच्या अभावी, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. खोती हे त्याचे दुसरे आणि कदाचित अधिक खोल कारण होते. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला खोत गावचा सारा वसूल करी आणि कुळाकडून त्याहून पुष्कळ अधिक घेई. जमिनीत सुधारणा करणाऱ्या कुळाला तिचे फळ मिळण्याची खात्री नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. तेव्हा दोष एकट्या घाटाच्या माथी मारणे हे गावातल्या वरच्या वर्गाला सोयीचे होते, हेही नमूद केले पाहिजे. डोंगर बोलत नाही आणि त्याच्यावर मोर्चा नेता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलेल ही अपेक्षा होती. झाले ते मात्र काहीसे विचित्र. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवून पोफळीला वीज निर्माण होऊ लागली, ती १९६२ च्या सुमारास. पोफळी चिपळूण तालुक्यात, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातच येते. विजेसाठी डोंगर फोडता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. वीज राज्यभर गेली, आणि राबलेले पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळाले. कोकणासाठी रेल्वे मागणाऱ्यांना मात्र पुढेही अनेक वर्षे डोंगर, दऱ्या आणि खर्च यांचेच आकडे ऐकविले गेले. बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत हा प्रश्न लावून धरला. ते १९७१ साली गेले. त्यांच्यानंतर राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे प्राध्यापक मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. तरीही कोकणात उतरणारी रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचायला १९८६ साल उजाडले. अखेर १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या राज्यांनी भांडवल घातले, सामान्य नागरिकांनी रोखे घेतले, आणि ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग सात-आठ वर्षांत पुरा झाला. नव्वदाहून अधिक बोगदे. त्यांतला सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरांचा, रत्नागिरीनजीक करबुडे येथे. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्ग खुला झाला. जे शंभर वर्षे अशक्य म्हणून सांगितले गेले, ते दशकाच्या आत झाले. त्याआधीच, १९९० उजाडेपर्यंत, कोकण किनाऱ्याची नियमित आगबोट बंद पडली होती.

आता ज्या प्रश्नासाठी हा सगळा पूर्वेतिहास सांगितला, तो असा : रेल्वे आली, मग रत्नागिरी जवळ आली का?

जनगणनेचे उत्तर विचार करायला लावणारे आहे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली, आणि घटली ती रेल्वे आल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण दशकात. शेजारच्या सिंधुदुर्गातही हाच प्रकार झाला. याचा अर्थ रेल्वेने माणसे नेली, असा सरळ काढणे चुकीचे होईल. एकामागून दुसरे घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे नव्हे, हे पदवीच्या पहिल्या वर्षालाच शिकविले जाते. पण एवढे निश्चित म्हणता येईल की रेल्वेने माणसे थोपविली नाहीत. पूर्वी पुरुष जाई आणि कुटुंब गावी राही; आता डोंबिवली-विरारपर्यंत सबंध कुटुंबे जातात आणि गावी कुलूप राहते. प्रवास दोन दिवसांचा होता तेव्हा गावी घर चालते ठेवणे भाग होते. तो एका रात्रीचा झाला, तेव्हा गावाकडे सुट्टीचे ठिकाण म्हणून पाहणे शक्य झाले. रत्नागिरी शहर वाढले आहे, हे खरे. पण ते जिल्ह्याच्या खेड्यांनाच ओढून घेत वाढले आहे.

याचे कारण मार्गाच्या आखणीतच आहे. कोकण रेल्वे डोंगराला समांतर धावते. ती डोंगर ओलांडत नाही. मुंबई आणि मंगळूर यांना जोडणे हा तिचा मुख्य हेतू, आणि रत्नागिरी त्या वाटेवरचे एक स्थानक. चिपळूणला कराडशी आणि वैभववाडीला कोल्हापूरशी जोडणारे मार्ग वर्षानुवर्षे चर्चेत, पाहणीत आणि अंदाजपत्रकात आहेत. घाटात रूळ अद्याप पडलेले नाहीत. म्हणजे १८९१ च्या सुमारास बंदरांच्या पाठीमागून जो मुलूख काढून घेतला गेला, तो आजही परत मिळालेला नाही. कोल्हापूर रत्नागिरीहून रस्त्याने जेमतेम एकशे तीस किलोमीटर आहे. तेथला गूळ आणि साखर परदेशी जायची तर नजर वळते ती मुंबईकडेच.

आंब्याचा हिशेब यापेक्षा वेगळा नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, नावाला कायद्याचे संरक्षण आले. पण हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, फळ नाशवंत आणि भाव ठरतो नवी मुंबईच्या बाजारात. बागायतदाराला फवारणीसाठी, राखणीसाठी, पेट्यांसाठी पैसा लागतो हिवाळ्यात. तो अनेकदा अडत्याकडूनच उचल म्हणून येतो, आणि ज्याची उचल घेतली त्याच्याच गाळ्यावर पेटी उतरवावी लागते. त्यामुळे वाहतूक जलद झाली तरी सौदा बदलत नाही. घासाघीस करण्याची शक्ती केवळ रस्त्याने येत नाही. ती शीतगृहाने, प्रक्रियेने आणि सहकारी पतपुरवठ्याने येते. या गोष्टी नगर जिल्ह्याला सांगायला नकोत. प्रवरानगरला १९५० च्या आसपास जे सुचले, ते देवगड-रत्नागिरीच्या आंब्याला आजवर त्या प्रमाणात का जमले नाही, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ऊस फार काळ थांबू शकत नाही म्हणून कारखाना शेताजवळ यावा लागतो. आंबा पेटीत आठवडाभर थांबतो, म्हणूनच कदाचित त्याला मुंबईपर्यंत ओढत नेता आले.

वाहतूक सुधारल्यावर या किनाऱ्याकडे जे मोठे भांडवल वळले, त्याची जातकुळीही पाहण्यासारखी आहे. १९९० नंतरच्या पहिल्याच वर्षांत रत्नागिरीजवळ तांबे शुद्ध करणारा प्रचंड कारखाना येऊ घातला होता. नागरिकांनी विरोध केला आणि तो तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तेथे मे २०१८ मध्ये प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार होऊन तेरा माणसे मृत्युमुखी पडली आणि कारखाना बंद करावा लागला. रत्नागिरीकरांना त्या वेळी ‘विकासविरोधी’ म्हटले गेले होते. दाभोळचा वीजप्रकल्प, जैतापूरची अणुभट्टी, नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प, प्रत्येकाचे गुणदोष वेगळे आहेत आणि ते एका दमात निकालात काढणे अन्यायाचे होईल. पण राजधानीला जे जवळ नको असते ते दूरच्या किनाऱ्यावर पाठवावे, ही दृष्टी थिबाच्या काळापासून फारशी बदललेली दिसत नाही. आधी गैरसोयीचे राजे पाठविले गेले, मग गैरसोयीचे कारखाने.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली आणि त्याची रखडकथा वृत्तपत्रांच्या वाचकांना पाठ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घाट फोडून २००२ पर्यंत पूर्ण झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे विलंबाचे कारण खडक आहे की आणखी काही, याचा उलगडा होतो. एखाद्या कामाला किती वर्षे लागतात, हे त्या कामाची घाई कोणाला आहे यावर अवलंबून असते, आणि चाकरमान्याची घाई वर्षातून एकदाच, भाद्रपदात, दिसते.

गेल्या काही वर्षांत सागरी वाहतुकीची भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली आहे. तिचे स्वागत करायला हरकत नाही. एका टनाला एका मैलाला पडणारा खर्च पाण्यावरून आजही सर्वांत कमी आहे, तो आगबोटीच्या काळापासून बदललेला नाही. मात्र त्या बोटी मुंबईच्या प्रवाशांना किनारा दाखवून परत नेणार, की रत्नागिरीच्या धक्क्यावर घाटमाथ्याचा माल चढविणार, हे आधी विचारले पाहिजे. पहिल्याने हॉटेले चालतील. दुसऱ्यासाठी अंबा घाटातून नुसता रस्ता पुरणार नाही. बंदरामागे गोदामे, शीतगृहे, जकात कचेरी आणि माल पाठविणारा व्यापारी, असे सारे उभे करावे लागेल.

थिबासाठी बांधलेल्या प्रासादात तो १९१० साली राहायला गेला. उंचवट्यावरच्या त्या वास्तूतून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. तो गेल्यावर तीन वर्षांनी, १९१९ साली, राणी ब्रह्मदेशात परतली. थोरली मुलगी मात्र पुढे रत्नागिरीलाच येऊन राहिली आणि तेथेच वारली. प्रासाद आता पर्यटकांच्या यादीत आहे. खाली मिरकरवाड्याच्या बंदरात जून-जुलैच्या बंदीत नौका शाकारून उभ्या असतात, आणि वर कोकण रेल्वेच्या गाड्या त्याच दिवसांत दरडींच्या भीतीने वेग कमी करून, पावसाळ्यासाठी वेगळ्या छापलेल्या वेळापत्रकाने धावतात.